आजोबांसाठी अळणी खिमा

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथं सांगणार नाही. ते घरातलं नाव आहे, घरातच राहू दे. बाकी सगळं सांगते, कारण बाकीचं अर्ध्या पेठेला तेव्हाच माहीत झालं होतं.

तो आदल्या हिवाळ्यात आमच्या स्कूटरच्या खाली सापडला. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. तो घरचाच झाला, म्हणून त्याला घरचंच मिळायचं. रविवारी उरलेल्या तांबड्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी, बाकीच्या दिवशी झणझणीत आमटीत कुस्करलेली भाकरी. तो चपाचपा खायचा, चार वेळा शिंकायचा, बादलीतलं पाणी प्यायचा आणि पुन्हा ताटलीकडे यायचा. आई कौतुकानं बघत राहायची. "बघ, तुझ्यापेक्षा तिखट खातंय," असं मला ऐकवायची.

जूनमध्ये त्याचे केस गळायला लागले. दिवसभर खाजवायचा, पोट बिघडलेलं, बरगड्या मोजता येतील अशा. आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. आमच्या पुढं एक म्हैस होती, मागं एक रेडकू. डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?"

आईनं अगदी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तिखट बंद. मीठ बंद. तेल बंद. कांदा-लसूण तर विषच समजा."

आई जरा विचारात पडली. "मग ऱ्हायलं काय?"

"खिमा, तांदूळ, लाल भोपळा. नुसतं उकडून."

"नुसतं?" आईच्या आवाजात जी दया होती ती कुत्र्यासाठी होती की डॉक्टरांच्या बायकोसाठी, ते मला कळलं नाही.

काट्यावर तो साडेनऊ किलो भरला. त्याच्या अंगलटीला बारा तरी पाहिजेत, असं डॉक्टर म्हणाले. त्या आकड्यावर पप्पांचे डोळे चमकले. पप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि अर्धा मार्कसुद्धा कुणाला उगीच द्यायचे नाहीत. दवाखान्याच्या फाटकातच त्यांनी निकाल लावला. "दसऱ्यापर्यंत बारा झाला तर राहील. नाही झाला तर कागलला मामाच्या शेतावर. मोकळी हवा आहे तिथं."

मामाच्या शेतावरची मोकळी हवा मी पाहिली होती. तिथं चार कुत्री होती, चारी साखळीला, आणि चौघांत मिळून एक परात. आमचा पाचवा. माझ्या चपलेवर हनुवटी टेकल्याशिवाय त्याला झोप येत नसे. त्या परातीपाशी त्याचा नंबर कधी लागला असता?

म्हणून मी म्हणाले, "मी करीन त्याचं जेवण."

दोघांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी अकरावीत होते आणि मला चहासुद्धा धड येत नव्हता. शिवाय मी आपण होऊन काही बोलणं हीच बातमी होती. दहावीपर्यंतच्या इंग्रजी शाळेत मराठी बोलायला बंदी, घरात इंग्रजी कुणाला येत नाही, म्हणून मी दोन्हीच्या मधला मार्ग धरला होता आणि गप्प राहत होते.

आईनं मला कोपऱ्यातली शेगडी आणि एक पोचे आलेलं पातेलं दिलं. मी तांदळाच्या कण्या धुवायचे, भोपळ्याच्या फोडी करायचे, खिमा गार पाण्यात मोकळा करून मंद आचेवर ठेवायचे. वर आलेला फेस चमच्यानं काढायचे. फोडणी नाही, ठसका नाही. "दवाखान्यागत वास येतोय घराला," असं म्हणत आई खिडकी उघडायची. मला मात्र तो वास आवडायला लागला. उकडलेल्या भोपळ्याचा गोडसर, साधा वास. एकदा कुणी बघत नाही असं बघून मी चमचाभर खाऊन पाहिलं. वाईट नव्हतं. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की उरलेला चमचा मी मुकाट्यानं त्याला देऊन टाकला.

पातेलं खाली उतरलं की तो स्वयंपाकघरात गोल गोल पळायला लागायचा. फरशीवर वळताना मागचे पाय घसरायचे, पिठाच्या डब्याला धडक बसायची, पुन्हा उठून पळायचा. तेवढ्या वेळात मी फॅन लावून जेवण गार करायचे. दारं बंद असली तर मीही दोन-चार फेऱ्या त्याच्या मागून मारायचे.

पंधरा दिवसांत अंगावर मऊ लव आली, आणि मग अचानक पुन्हा खाजवणं सुरू. मला काही सुचेना. शेवटी एक दिवस कॉलेजातून लवकर आले, तर पातेल्यात कडेनं लाल तेलाचं एक बारीक कडं दिसलं. आई ओट्यापाशी कांदा-लसूण चटणीची बरणी पदराखाली धरून उभी होती.

"बोटभरच टाकली गं. चवीपुरती," ती म्हणाली. "रोज ते पांढरं फटक खातंय बिचारं, आपल्यासमोर. मला घास जात न्हाई."

त्या दिवसापासून त्याच्या जेवणाच्या वेळी चटणीची बरणी माझ्या टेबलावर, फिजिक्सच्या पुस्तकाशेजारी असायची.

आता खिम्याचं सांगते. पप्पांचं नेहमीचं मटणाचं दुकान आमच्याच गल्लीत होतं, पण तिथं सगळे ओळखीचे, म्हणून मी लांब चौकातल्या दुकानात जायचं ठरवलं. पहिल्या दिवशी रांगेत माझ्यापुढं एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी सहा माणसांसाठी अर्धा किलो मटण घेतलं आणि "जरा रस्सा वाढवीन की," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग माझा नंबर आला.

"कृपया पाव किलो खिमा द्याल का?" मी म्हणाले.

असं पुस्तकी मराठी त्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं. खाटीकमामांनी सुरा थांबवला. जाड मिशा, खणखणीत आवाज. "द्यायलाच बसलोय की ताई! कुणासाठनं? मोठा करू का बारीक?"

त्या म्हाताऱ्या बाई पिशवीची गाठ मारत तिथंच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर "कुत्र्यासाठी" हा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

"आजोबांसाठी," मी म्हणाले. "बारीक. त्यांना... दात नाहीत."

"अगं मग आधी सांगायचं की!" मामांनी सुरा पुसला आणि खिमा दोनदा, तीनदा बारीक केला. "पथ्य हाय व्हय? मीठ चालतंय?"

"नाही. कांदा-लसूणही नाही."

"अरारारा!" अख्खी रांग हळहळली.

त्यानंतर तीन महिने मी एक दिवसाआड जात होते, आणि तीन महिने आजोबांची प्रकृती हा त्या दुकानाचा विषय होता. "काल पोट साफ झालं का त्यांचं?" मामा चार गिऱ्हाइकांपलीकडून ओरडून विचारायचे. मी खाली बघून मान डोलवायचे. "चालत्यात का?" "हो, पळतातसुद्धा," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि रांगेतल्या एकानं हात जोडले. कुणी पायाचं सूप सुचवायचं, कुणी अंगारा. त्या म्हाताऱ्या बाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नात असावी तर अशी." मी घरी येईपर्यंत घामेघूम. माझे खरे आजोबा मी बालवाडीत असतानाच गेले होते. बाहेरच्या खोलीत, हार घातलेल्या फोटोतून ते माझ्या पिशवीकडं बघायचे.

आणि मग घट बसले.

हे माझ्या हिशोबात आलंच नव्हतं. नवरात्रात आमच्या घरात मांस शिजत नाही, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आई म्हणाली, "नऊ दिवस त्यालाबी उपास." मी मूगडाळ-भात केला, ताक-भात केला, भोपळा वाढवला. तो खायचा, पण प्रत्येक वेळी पातेल्याच्या मागं जाऊन बघून यायचा, खिमा तिकडं लपवलाय की काय म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत त्याची कंबर बारीक होत चालली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा म्हणाले, "चला, वजन."

दवाखान्यातला काटा बिघडला होता. मला हायसं वाटलं, पण ते मिनिटभरच. "हरकत नाही," पप्पा म्हणाले. "चौकात ते मटणाचं दुकान आहे बघ, तिथं मोठा काटा आहे. अख्खं बकरं टांगतात."

मी म्हणाले डोकं दुखतंय. मी म्हणाले पाऊस येईल. पप्पांनी कुत्र्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, उचललं आणि निघाले.

नऊ दिवसांच्या उपासानंतरची सकाळ! कोल्हापुरात त्या दिवशी मटणाच्या दुकानात सुई ठेवायला जागा नसते. रांग रस्त्यापर्यंत आली होती. मामांनी गर्दीतून मला पाहिलं, माझ्या शेजारी पप्पांना पाहिलं. पप्पांचा चेहरा नेहमीच गणिताचा, म्हणजे सुतकी. हातात पांढरं कापड. मामांनी सुरा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"तरी म्हटलं, धा दिवस आली न्हाई पोरगी," ते हळू आवाजात म्हणाले. "कवा गेलं?"

"कोण?" पप्पा म्हणाले.

"वडील तुमचं."

"ते जाऊन बारा वर्षं झाली."

मामांनी माझ्याकडं बघितलं, पप्पांनी माझ्याकडं बघितलं, त्या म्हाताऱ्या बाई रांगेत होत्याच, त्यांनीही बघितलं. तेवढ्यात चादरीतून एक उभा कान आणि एक पडलेला कान बाहेर आला आणि खिम्याच्या वासानं अख्खी चादर हलायला लागली.

"हे आजोबा," मी म्हणाले. "म्हणजे, खिमा ह्याच्यासाठी होता. आजोबा नाहीत. हाच होता. चुकलं माझं."

एवढं लांब मी परक्या माणसांसमोर आयुष्यात बोलले नव्हते. मामांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं आता सुरा उचलतात. पण त्यांनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले की टांगलेली बकरी हलली. "म्हंजे पळणारा म्हातारा ह्यो व्हय!" रांग हसत होती, आणि म्हाताऱ्या बाई डोळे पुसत म्हणत होत्या, "दात हाईत की गं ह्याला! चांगलं हाईत!"

पप्पा हसले नाहीत. त्यांनी काम सांगितलं. मामा एकदम गंभीर झाले. "आवं सर, हितं कुत्रं टांगलं तर सांजंपातूर गावभर होईल. माझं दुकान बसंल की!"

"टांगा हो!" रांगेतून आवाज आला. "जित्तं टांगलं, जित्तं काढलं, आमी हाय की साक्षीला!"

पप्पांनी आधी नुसती चादर वजन करून घेतली. पाऊण किलो. मग कुत्र्याची झोळी हुकाला लागली. चार पाय चार बाजूंनी बाहेर, तोंड थेट मटणाच्या ट्रेवर. तो एवढा आनंदात होता की काटा स्थिर होईना. मामा ओरडले, "साडेबारा!"

रांगेनं जल्लोष केला. मी टाळी वाजवणार तोच पप्पा म्हणाले, "वजा चादर. पावणेबारा."

पावणेबारा म्हणजे बाराच्या अलीकडं की पलीकडं, हे मला इंग्रजी शाळेनं शिकवलं नव्हतं. पप्पांच्या चेहऱ्यावरून कळलं. अलीकडं.

"पाव किलोच कमी हाय की सर!" मामा म्हणाले. "सोडा की!"

"कमी म्हणजे कमी," पप्पा म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

मला चार कुत्री दिसली आणि एक परात. नवरात्र नसतं तर, असं मी सांगायला गेले. मामांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी पाव किलो खिमा तोलला, कागदावर घेतला आणि झोळीतल्या तोंडापुढं धरला. तीन घासांत कागद कोरा झाला. कागदही गेला असता, पण मामांनी ओढून घेतला.

"आता बघा काटा."

"पावणेतेरा!" ह्या वेळी अख्खी रांग एका सुरात ओरडली. "वजा चादर!"

सगळे पप्पांकडं बघत होते. पप्पा काट्याकडं बघत होते. कितीही उलटसुलट केलं तरी ते गणित बरोबर होतं, आणि बरोबर गणिताला पप्पा मार्क कापत नसत.

"बारा," ते म्हणाले. "काठावर पास."

परत येताना त्यांनीच त्याला उचललं होतं. फुगलेलं पोट पप्पांच्या खांद्यावर ठेवून तो झोपला होता. मी दोन पावलं मागं, बोलणी बसणार म्हणून तयार. गल्लीच्या तोंडाशी पप्पा थांबले.

"तुझे आजोबा माळकरी होते," ते म्हणाले. "जन्मात अंडं खाल्लं नाही. आणि तू त्यांना तीन महिने..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. खांद्यावरचा कुत्रा गदगदा हलायला लागला, तेव्हा मला कळलं की पप्पा हसत आहेत. मग मलाही आवरेना. आम्ही दोघं रस्त्यात भिंतीला धरून हसत होतो आणि तो मधे जागा होऊन एकदा पप्पांचं, एकदा माझं तोंड चाटत होता.

आई दारातच उभी होती. आत तांबडा रस्सा उकळत होता, नऊ दिवसांनंतरचा पहिला. "काय झालं?"

"पास," पप्पा म्हणाले.

"ऱ्हातोय?" तिनं त्याला पप्पांच्या हातातून ओढून घेतलं आणि कवटाळलं. मग पळीकडं बघत, अगदी हळूच म्हणाली, "मग आज सणाचा एक थेंब..."

"न्हाई!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. मी जास्त जोरात.