राहायची सोय

वसंतअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच कामात होते, फेलोशिपच्या शेवटच्या तारखा लावत. अण्णा सांगलीच्या एका कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांना फेलोशिप, इंटर्नशिप शोधून देऊ लागले. दर रविवारी मी साताऱ्याहून जायची. तारखा, कागदपत्रं माझ्याकडे. मुलांशी बोलणं त्यांच्याकडे. गुणांच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "पुण्यात पाव्हणं कोण हायत?" निवड होऊनही राहायला जागा नाही म्हणून घरी बसलेली मुलं त्यांनी पाहिली होती. ज्यांचं तिथं कुणीच नसे, त्यांना ते आपल्या मेव्हण्याकडे धाडत.

वडूजच्या प्रज्ञालाही त्यांनी तेच विचारलं. तिची निवड झाली होती, होकार तेवढा कळवायचा होता. तिनं हातातली फाइल मिटली. "जात विचारायची तर सरळ विचारा की," म्हणाली आणि उठून गेली. अण्णांना उमजेना. मी त्यांना समजावलं, आपल्याकडे पाव्हणे विचारले की जात आपोआप कळते... समजावताना माझं मलाच कळलं. इतकी वर्षं शेजारी बसून मी हा प्रश्न ऐकत होते, आणि परत न आलेल्या मुलांना आळशी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं वडूजला गेलो. अण्णा दारातच म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. मला राहायचं इचारायचं हुतं."

"मग तेच विचारायचं, अण्णा," प्रज्ञा म्हणाली.

"आवं, बसा तरी. चा निवतोय," तिची आई म्हणाली.

अण्णांनी मेव्हण्याकडची सोय सांगितली. "आधी त्यांना माझं आडनाव सांगा," प्रज्ञा म्हणाली. अण्णांनी तिथूनच फोन लावला, आडनाव सांगितलं.  मेव्हण्यानं घरात रंगकाम काढल्याचं सांगितलं. अण्णांनी फोन खाली ठेवला. कपाकडे बघत राहिले. मीही.

प्रज्ञा गेली पुण्याला, मैत्रिणीच्या खोलीत दाटीवाटीनं राहिली. अण्णांनी मात्र त्यानंतर एकही मूल असंच धाडलं नाही. आधी घरमालकाला फोन, पहिल्याच वाक्यात आडनाव, आणि मग गप्प राहून ऐकणं.

आता त्यांच्या खुर्चीत बसून ते फोन मी करते. या आठवड्यात अशाच एका मुलीला जागा हवी आहे. कोथरूडला माझ्या सख्ख्या बहिणीची एक खोली रिकामी असते. बाकीचे सगळे फोन करून झाले... तो तेवढा राहिलाय.