झोंबतंय म्हणजे गुण येतोय

आमची सुचित्रा गेली तेव्हा दुबईतल्या करामा भागातल्या बायका रडता रडता एकच म्हणत होत्या, घर कसं आरशासारखं ठेवायची. खरंच आहे ते. बाथरूममध्येसुद्धा पाट मांडून जेवायला बसावं असं. पण त्या चकचकीत घरात तिनं एक उन्हाळा कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. थोडं मला, कारण थोरल्या बहिणीलाच फोन करून रडायची ना ती.

अवनी तिची एकुलती एक, तेव्हा चौदाची. तर ती पोर सोफ्यावर सरळ बसेना. सारखी चुळबुळ. शाळेतलं स्विमिंग सोडलं. विचारलं की "नथिंग, आई." शेवटी सुचित्रानं तिला एका सकाळी बाथरूमच्या दारातच धरली, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "इट इचेस, आई. खाली. ऑल द टाइम."

 वयात येणारी पोर आणि नको त्या जागी खाज. कुणाला सांगणार? नवरा सदानंद लांब शारजाच्या पुढं हमरियाला कंपनीत, दमून घरी यायचा. त्यानं विचारलं, "अवनीचं काय बिनसलंय गं?" तर ही म्हणाली, "बायकांचं आहे, तुम्ही जेवा." आणि पोरीला बजावलं, "घरातली गोष्ट घरात. बाहेर कुणाला बोलायचं नाही."

आता आमच्या माहेरी कशाला पण एकच उपाय, आधी स्वच्छ धुवा. खरचटलं, फरशी पुसायची, बाळाची दुपटी, सगळ्याला एकच ती वासाची जंतू मारायची बाटली. सुचित्रानं तेच केलं. मगभर पाण्यात झाकणभर ओतायची आणि पोरीच्या हातात द्यायची. सकाळी, परत शाळेतून आल्यावर. आतून पोर 'स्स्स' करायची, आणि ही दाराबाहेरून विचारायची, "झोंबतंय ना? मग बरोबर. झोंबतंय म्हणजे गुण येतोय."

आमची आईपण असंच म्हणायची.

पण गुण काही येईना. जवळच्या क्लिनिकमधून मलम झालं, गोळ्या झाल्या, तरी खाज तशीच. ती वाढली की सुचित्रा मगात आणखी थोडं ओतायची.

मग गेली चामडीच्या डॉक्टरणीकडे. डॉक्टर एमान, अरबी बाई, आवाज मऊ. हिंदी येत नव्हती, म्हणून मध्ये नर्स रुखसार. तपासून झाल्यावर रुखसार म्हणाली, "दीदी, आप थोडा बाहर बैठो. डॉक्टर को बच्ची से अकेले बात करनी है."

सुचित्रा पर्स घेऊन उठली. अकेले? काय विचारणार माझ्या पोरीला? बाहेर खुर्चीवर बसून नुसती दाराकडे बघत राहिली. देवाचं नाव आठवेना.

आत बोलावलं तेव्हा अवनीचा चेहरा पांढराफटक. डॉक्टर बोलल्या, रुखसारनं सांगितलं, "दवा से फरक नहीं पड़ा ना, तो थोड़ी सी चमड़ी निकाल के जाँच को भेजेंगे. सुन्न करके, डरो मत."

"चमड़ी? वहाँ की?"

डॉक्टरनं अवनीला परत एकदा विचारलं, घरी काही लावतेस का? साबण? आणखी काही?

"नो," अवनी पटकन म्हणाली. "ओन्ली वॉटर."

धुताना जळजळतं का?

"नो."

सुचित्रानं पोरीकडे बघितलं. ते 'स्स्स' तर तिच्या कानात बसलेलं. पोर खोटं बोलत होती, आईला झाकायला. त्या नाजूक जागी चाकू लावून घेईल पण आईचं नाव सांगणार नाही! आणि सुचित्राची तरी जीभ कुठं उचलतेय? परक्या देशात, परक्या बाईसमोर कसं सांगायचं की मीच करते म्हणून?

रुखसारनं ट्रे उघडला. सुई वाजली.

"रुको!" सुचित्रा उठलीच. "रुको ना. मैं डालती हूँ. वो... फरशीवाला."

"क्या फरशीवाला, दीदी?"

"वो पोछे में डालते हैं ना, जंतू मारने का. मग में डाल के. रोज दो बार. मैं ही देती हूँ उसको."

रुखसारचा हात तिथंच थांबला. तिनं इंग्लिशमध्ये सांगितलं. डॉक्टरनी हातमोजे काढून ठेवले. हिला वाटलं आता पोलिसच बोलावतात.

"खलास," डॉक्टर म्हणाल्या. "नो कटिंग टुडे." आजपासून नुसतं पाणी. साबण नाही, ते औषध तर नाहीच. सुती कपडे, वरून साधं व्हॅसलीन. तीन आठवड्यांनी या. नाही बरं वाटलं तर मग तुकड्याचं बघू.

"यू डिडन्ट हॅव टू, आई," अवनी रडायलाच लागली.

"गप गं."

बसस्टॉपवर सुचित्रानं विचारलं, "खोटं का बोललीस?"

"डॉक्टर तुला ओरडल्या असत्या."

"आणि इतके दिवस झोंबतंय ते तरी सांगायचंस!"

"सांगत होते ना? यू सेड झोंबतंय म्हणजे गुण येतोय. मला वाटलं, आय'म जस्ट नॉट ब्रेव्ह."

 बस आली, गेली, दोघी चढल्याच नाहीत. मग सुचित्रा म्हणाली, "ह्यापुढं झोंबलं की ओरडायचं. मी असले समोर तर माझ्यावर ओरडायचं."

पोरीनं ते मनावरच घेतलं. महिन्याभरात कातडी निवली, तुकडा काही काढावा लागला नाही, पण तोंड जे सुटलं ते सुटलं. आई, पोट दुखतंय. आई, आमटी खारट झालीय. आई, मघाशी तू बोललीस ते मला आवडलं नाही. सुचित्रा फोनवर कावायची, "आक्का, कुठून सांगून बसले गं मी? पोरगी थांबतच नाही!"

आणि हसायची अशी, की इकडे मला फोन कानापासून लांब धरायला लागायचा.