वारा पाहायची चिमूट

त्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको खळ्यावर बियाण्याचं धान उडवत होतो. बाकीचं धान मशीननं निघालं होतं, पण बियाणं हिला हातचंच लागायचं. मी सूप भरून द्यायचो. ही उभी राहून ते वरून सोडायची. धान खाली पडायचं, फोलपटं वाऱ्यावर जायची.

हिची एक रीत होती. दर सुपाआधी चिमूटभर फोलपटं हवेत सोडायची, ती कुठं जातात ते पाहायची, मग पाय जरा फिरवून, सूप तिरपं धरून उभी राहायची. मला वैताग यायचा.

"वारा तोच हाय ना वो? दर बारी काय पाहून राहिली?"

"वारा तुमच्यासारखा नाई जी, एका जागी बसून राहायले."

त्या दिवशी तिच्या पदराच्या गाठीत मोबाइल होता. पोरीचा फोन येणार होता. तो दुसऱ्या दिवशी पहाटे येणार, हे माहीत असूनही ती सकाळपासून गाठ चाचपत होती.

पोरगी आमची एकच. परदेशात एका उंच डोंगरावर मोठी दुर्बीण आहे, तिथं ती लेझरचं काम करते. लेझर म्हणजे काय, ते मला चौथी शिकलेल्याला कुठून कळणार? पण मागच्या दिवाळीला ती आली, तेव्हा याच खळ्यावर तिनं समजावलं होतं. आपल्या डोक्यावरची हवा सारखी हलते, म्हणून दुर्बिणीतून तारा थरथरताना दिसतो. मग हे लोक जमिनीवरून पिवळा उजेड सरळ वर फेकतात. लई उंचावर, मिठात असतं त्यातलंच काही तरी हवेत तरंगत असतं. ते त्या उजेडानं चमकतं आणि खोटा तारा तयार होतो. तो कसा थरथरतो ते पाहून दुर्बिणीचा एक आरसा तसाच पटपट वाकवतात. मग खरा तारा स्थिर दिसतो.

माझ्या डोक्यावरून गेलं. ही मात्र हसली.

"म्हंजे तुमी बी चिमूट सोडून वारा पाहता!"

"हाव माय. फक्त आमची चिमूट उजेडाची हाय."

पण ती चिमूट काही जमत नव्हती. किती वर्षं पोरगी त्यालाच लागली होती. कधी उजेड कमी पडायचा, कधी काच जळायची. रंग तर केसभर सरकला तरी चालत नव्हता. वरचं ते मीठ दुसऱ्या रंगाला ओळखच देत नाही म्हणे. ही दर फोनला विचारायची, "लागला का तुझा दिवा?" आता नवा लेझर त्या रात्री पहिल्यांदा आकाशात सोडणार होते. तिकडं रात्र पडते तेव्हा इकडं पहाट होते.

दुपार व्हायच्या आधी ही म्हणाली, "जरा बसतो जी." पोत्याला टेकून बसली. छातीवर हात दाबला. शेजाऱ्याच्या गाडीत घालून आमगावच्या दवाखान्यात निघालो. रस्त्यातच गेली.

पोरीला फोन मीच लावला. हिच्या पदराची गाठ सोडून मोबाइल काढला आणि त्यातूनच लावला. तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "माय, इथं आता कुठं उजाडून राहिलं, दिवा तं रातीले लावाचा हाय ना वो, एवढी काऊन घाई?"

मी सांगितलं. आडपडदा मला येत नाही.

"मायले आज नेतो. तुयी वाट पाहता येत नाई."

"मी निघतो बाबा."

"विमान कव्हा हाय?"

"उद्या दुपारचं भेटल."

"मंग आज रातभर का करशील? रडत बसशील?"

"दिवा दुसरे लावतील. माझ्यानं आता नाई होत."

"तुयी माय सकाळपासून फोन पदरात बांधून होती. तू लाव. आन् लागला का नाई, ते सांग मले."

तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी हिला जाळून आलो. पाहुणे पडवीत झोपले. हिची चटई कोणी तरी उचलून ठेवली होती. मी मोबाइल उशाशी घेऊन पडलो. हा नाद हिचा, माझा नव्हता. पण आता वाट पाहायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

उजाडता उजाडता फोन वाजला.

"बाबा, लागला." आवाज बसलेला होता.

"तू लावला का?"

"मीच लावला. सरळ वर गेला. लई थरथरत होता. मंग आरसा चालू केला, आन् खरा तारा गप बसला."

"बरं झालं. मायले..." म्हणालो आणि थांबलो. "ये आता," म्हणालो.

मग खळ्यावर गेलो. बियाणं रात्रभर दवात उघडं पडलं होतं. शेजारी दातण करत कुंपणापाशी आला. "सुतकात कामाले हात लावते का कोणी?"

"तुले का करायचं हाय? घरी जाय."

सूप भरलं आणि उभ्यानं सोडलं. सगळी फोलपटं माझ्याच तोंडावर आली, डोळ्यांत गेली. उपरण्यानं तोंड पुसलं. दुसरं सूप भरून खाली ठेवलं. चिमूटभर फोलपटं घेतली आणि हवेत सोडली. ती तळ्याच्या बाजूला गेली. मी पाय फिरवले आणि सूप उचललं.