फिरकीचा तांब्या

अमेरिकेतल्या फ्रेमाँटच्या क्लिनिकमध्ये नोकरीसाठी लघवीचा नमुना द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तिथं काम करणाऱ्या विमलकाकू आधी पाणी द्यायच्या. दारी आलेल्याला पाणी विचारायचं नाही, हे त्यांना जमेचना. मॅनेजरबाई कडाडली, "पाण्यानं नमुना पातळ होतो, नशा सापडत नाही!" काकूंनी पाणी बंद केलं, पण मन खात राहिलं.

२००६ साली एक म्हातारा सुतार आला. कॅन्सरच्या वेदनांवर डॉक्टरच्या सल्ल्यानं तो गांजा घ्यायचा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला ते चालत होतं, त्याच्या कंपनीला नाही. नमुन्यात गांजा सापडून नोकरी जाणार, असं तो काकूंना म्हणाला.

"मेला तो नियम!" काकू पुटपुटल्या. घरून पाणी भरून आणलेला, झाकणाचा फिरकीचा तांब्या त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"सगळं पी, बाबा. आमच्यात उरवायची पद्धत नाही."