जावईबापूंच्या चार पावलं मागे

माझ्या मामाने फरश्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. मग तिथे बिनड्रायव्हरची गाडी आली. ती आपली आपण वाट शोधत खोकी गोदामात पोहोचवते. सगळ्यांनी बाजूला सरायचं, ही कुणाशी बोलणार नाही; म्हणून कामगारांनी तिचं नाव ठेवलं जावईबापू.

गाडी नवी असेपर्यंत गळ्यात गाडी थांबवायचं लाल बटण अडकवून एका माणसाने तिच्या चार पावलं मागे चालायचं, असा नियम होता. बटण न दाबता सलग तीनशे तास भरले की माणूस मोकळा; गाडी चुकली म्हणून दाबावं लागलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून. हे चालणं मामाकडे आलं. पुढे त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळणार होतं, आणि त्याच्या गुडघ्यांना ते हवंच होतं. पण तोवर गाडीच्या पुढे जायचं नाही, मध्येच टेकायचं नाही. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी आणि मध्ये गाडीपुरती वाट. गाडी चार्जिंगला लागली तरच मामा बसणार.

"बावीस वर्षं तुम्ही गाडी चालवलीत, आता ती तुम्हाला चालवतेय," मामी म्हणायची.

"जावई आहे बाई. मान ठेवावा लागतो."

दोनशे सत्त्याऐंशी तास भरले त्या दुपारी, वळणापलीकडे साफसफाईवाल्या मावशी जवळजवळ आडव्या पडून जमिनीवरचा जुना पिवळा पट्टा खरवडत होत्या. गाडी वळली. वेग कमी झाला नाही. मामाने बटण दाबलं.

चाक मावशींपासून हातभर लांब थांबलं. त्या उठून बसल्या, घाम पुसला. "अहो दादा, जावयाला सांगा, सासू अजून जिवंत आहे!"

मामाला हसू आलं नाही. बटणावरचा अंगठा उचलायलाही त्याला वेळ लागला.

इंजिनिअर मुलगी लॅपटॉप घेऊन धावत आली. आकडे बघून म्हणाली, "काका, कदाचित ती थांबली असती."

"कदाचित?"

"तिचा डोळा गुडघ्याच्या उंचीवर आहे. आडवा माणूस..." तिने लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाली, "नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'बॅटरी तपासणी' लिहा. तास तसेच राहतील. तेराच तर उरलेत."

"आणि डोळा?"

"सांगते ना वरती. बघतील नंतर."

"नंतर मागे कोण असणार?"

मामाने पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. वाटेच्या टोकाला स्टोअरचं दार दिसत होतं. त्याने पुन्हा टोपण काढलं आणि लिहिलं : 'माणूस दिसला नाही.'

संध्याकाळी मामीने त्याच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली.

"आता किती राहिले?"

"तीनशे."

मामीने पिशवी उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.