दादांनी वाट मागितली तेव्हा

दादांचं भाषण मी पहिल्यांदा ऐकलं ते हिंजवडीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, दुसऱ्याच्या फोनवर. माझ्या टीममध्ये लातूरकडची एक मुलगी आहे. जेवता जेवता ती म्हणाली, "हे बघ ना, कसले भारी आजोबा आहेत," आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर माझे वडील होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून गाडीच्या मागच्या सीटपर्यंत जाईल असा आहे. पक्षाचं काम ते तरुणपणापासून करत आले. काम म्हणजे सतरंज्या अंथरायच्या, उचलायच्या, खुर्च्या लावायच्या, आलेल्यांना पाणी द्यायचं. त्या दिवशी पुण्यात पक्षाचं मोठं अधिवेशन होतं आणि दादा नेहमीसारखे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळच्या गाडीने गेले होते. आपल्याला स्टेजवर चढावं लागेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार करायचं कुणाच्या तरी मनात आलं. शाल-नारळ झाला, आणि रीत म्हणून "दोन शब्द बोला" असं म्हणून त्यांच्या हातात माइक दिला.

दादांनी नारळ खाली ठेवला आणि बोलायला लागले.

"मी उभा जल्म गाडीत तिकिटं फाडली. चढणाऱ्याला मी कदी जात इचारली न्हाई. फकस्त इचारलं, कुटं जायचंय? आता माजं वय झालंय. आता मलाबी एका जागी जायचंय. नदीच्या कडंला आमच्या वस्तीची मसनवाट हाय. आजा तितं गेला, बाप गेला. आता त्या वाटंवर एका बंगल्याचं फाटक बसलंय. मागच्या पावसाळ्यात आमी एक मयत वढ्याच्या चिखलातनं न्हेलं. खांदेकरी घसरत व्हते. मेलेल्या मानसाची माफी मागत मागत आमी त्याला न्हेलं. या पक्षाकडं मी आजवर काय मागितलं न्हाई. आज मागतोय. मला पद नको, कमिशन नको. आमी वाटा मागत न्हाई, वाट मागतोय. आन ती एकट्या माज्यासाटी नको. हितं बसलेल्यांत ज्याची ज्याची वाट कुनी अडवली आसंल, त्यानं हात वर करा."

मग मागून एक हात वर झाला, मग चार, मग कॅमेरा फिरेल तिकडे हातच हात. बायका उभ्या राहिल्या. स्टेजवरचे एक मोठे नेते चष्मा काढून डोळे पुसत होते.

"रडू आलं ना?" ती मुलगी म्हणाली.

"माझे वडील आहेत ते," मी म्हटलं.

तिने किंचाळून मला मिठीच मारली. आजूबाजूचे चार-पाच जण गोळा झाले. कुणी म्हणालं, "तुझ्या बाबांनी फोडलं स्टेज." कुणी तिथल्या तिथे व्हिडिओ पुढे पाठवला. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी अर्धं ताट बाजूला सारलं होतं. कारण ते फाटक कुणी बसवलंय हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आमचं गाव पौडच्या आणि माले गावाच्याही पुढे, रस्त्यापासून थोडं आत आहे. बंगल्याचा मालक कुणीतरी शहरातला, आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण ती जमीन त्याला मिळवून दिली आणि फाटक बसवून घेतलं ते आमच्याच भागातल्या एका पुढाऱ्याने. पूर्वी पंचायत समितीवर होता, आणि दादांच्याच पक्षात. आमच्या पट्ट्यात अशी किती जमीन त्याच्या हातून गेली असेल ते तोच जाणे. त्याच्याशी वाकडं घ्यायला लोक घाबरत. ती वाट कागदावर होती की नव्हती यावर दोन मतं होती. पायाखाली मात्र ती होती.

त्या संध्याकाळी स्कूटीवरून घरी येताना मी पौडला दुधासाठी थांबले. तिथल्या दोन-तीन जणांनी मला ओळखलं. "तुमच्या दादांनी आमच्या मनातलं वढून काडलं बगा," एक जण म्हणाला आणि दुधाचे पैसे घेईना. गावात शिरल्यावर वस्तीत तर सण असल्यासारखं होतं. बायका अंगणात बसून पुन्हा पुन्हा तेच ऐकत होत्या. दादा ओट्यावर खुर्चीत बसून फोन घेत होते. धाराशिवहून, जळगावहून, कुठून कुठून. प्रत्येकाला ते म्हणत, "व्हय व्हय, तुमची कंची वाट?" आणि शांतपणे ऐकून घेत.

वरच्या आळीत मात्र काहीच नव्हतं. किराणा दुकानात रोज दादांना हाक मारून बसवणारी माणसं त्या दिवशी आपापल्या फोनमध्ये बघत राहिली. आईला ते आधी जाणवलं. "टाळ्या लांबच्यांनी वाजवल्यात," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ऱ्हायचं हितं हाय."

व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी वाचलं. शेकडो नमस्कार, फुलं, रडके चेहरे. आणि मध्येच, फोटो नसलेल्या कुणाचं तरी एक वाक्य: म्हातारबांना शेवटच्या ठिकाणी जायची घाई झालीये, आपण सोडू त्यांना. त्याखाली हसणारे चेहरे होते. त्यातली दोन नावं आमच्या गावातली होती. मी फोन पालथा ठेवला आणि घरात कुणाला बोलले नाही.

दोनेक दिवसांनी दिवेलागणीला पुढाऱ्याची मोठी पांढरी गाडी आमच्या दारात थांबली. तो एकटाच उतरला. आईने दिलेला चहा त्याने फुंकून फुंकून प्यायला.

"काका, लई भारी बोललात," तो म्हणाला. "सगळ्या महाराष्ट्रानं पाह्यलं. पन घरातली गोष्ट घरात बोलायची आसती. आदी माज्याकडं यायचं."

"आलो व्हतो की," दादा म्हणाले. "लई येळा आलो. तुमी पुन्याला गेलेले आसायचा."

तो हसला. "आता एक करू. एक छोटा व्हिडिओ करून टाका. गैरसमज झाला म्हना. फाटकाचं आपन बसून बघू."

दादांनी त्याची रिकामी कपबशी उचलून आईकडे दिली. उठताना त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई हिंजवडीला जाती न्हवं? स्कुटीवर? घोटवड्याच्या पुडं रस्ता लई सुनसान आसतो. जपून जात जा."

एवढंच. आवाज मायेचा होता. त्या वाक्यातला एकही शब्द पोलिसांना सांगण्यासारखा नव्हता. पण गाडी वळून गेल्यावर मी ओट्याच्या कडेला बसले ती उठलेच नाही. आई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला जायला जीप, मग बस, मग रिक्षा असं करायला लागले. ऑफिसात लोक अजून विचारत, "काय म्हणतायत स्टार?" मी हसायचे. मागून कुणी नावाने हाक मारली तरी दचकायचे.

मग आमची पेंढ्याची गंज पेटली. भर दुपारी. मी कामावर, दादा पौडला गेलेले, घरी एकटी आई. वस्तीतल्या बायकांनी हंडे-कळशा घेऊन आग विझवली, गोठा वाचला, म्हैस सोडवली. कुणी म्हणालं बिडी पडली असेल, कुणी म्हणालं ऊन कडक होतं. फोन आल्यावर मी लवकर निघून घरी आले तेव्हा काळी राख धुमसत होती आणि दादा तिच्यापाशी उभे होते. पायातल्या चपलेने राख उगाच इकडून तिकडे सारत होते.

"बोलून टाका तो व्हिडिओ," आई म्हणाली. "हात जोडते. पोरीचा इचार करा."

दादांनी घरात येऊन दाराला कडी घातली. दिवसाउजेडी आमच्या दाराला कडी लागलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"दादा, भीती वाटते का?" मी विचारलं.

"वाटतीया की," ते म्हणाले. "बोलताना न्हाई वाटली. म्होरं येवडी मानसं व्हती. हितं घरी आल्यावर वाटाया लागली." मग त्यांनी कडी एकदा हलवून बघितली. "तू म्हनशील तसं करतो. तुजा जीव माज्या भाषनापेक्षा मोटा हाय."

त्यांनी ते माझ्यावर टाकायला नको होतं. माझ्या तोंडावर "करा" आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. मी म्हटलं, "दोन दिवस थांबू." त्यात धीर नव्हता. मला हो म्हणवत नव्हतं आणि नाहीही म्हणवत नव्हतं, इतकंच.

त्या दोन दिवसांत दादांची चुलती गेली. शेजारच्याच घरात राहायची, फार थकली होती. सकाळी चहा घेऊन सून गेली तर म्हातारी शांत झाली होती. नातेवाईक जमेपर्यंत दुपार झाली. पांढऱ्या वस्त्रात तिला तिरडीवर ठेवलं, वंदना झाली आणि आम्ही निघालो. आमच्यात बायकाही जातात, म्हणून मी आणि आई मागे होतो.

वस्तीच्या खाली वाट फुटते. डावीकडे ओढ्याची पायवाट, सरळ गेलं की फाटक. तिथे खांदेकरी थांबले. सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, मान दिसत होती. घामाने कॉलर चिकटली होती.

"सरळ," दादा म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं तर वरच्या आळीतले वीस-पंचवीस बाप्ये आमच्या मागून येत होते. ते आमच्यासाठी येतायत की आमच्यावर, हे कळायला मार्ग नव्हता. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. वॉचमन बिहारचा होता. त्याने तिरडी पाहिली, दादांना पाहिलं आणि हात जोडले. "चाचा, आपका वीडियो हमने देखा है। गाँव भी भेजा है। पर चाबी दे दूँगा तो नौकरी जाएगी।" त्याने मालकाला फोन लावला. कुणी उचलला नाही. त्याने दुसरा फोन लावला. थोड्या वेळाने मागून गाडीचा हॉर्न वाजला. पांढरी गाडी होती.

पुढारी उतरला. खांद्यावर मयत घेऊन माणसं उन्हात उभी होती. वस्तीतल्या प्रत्येक हातात फोन होता आणि प्रत्येक फोन त्याच्याकडे रोखलेला होता. वरच्या आळीतले लोक रस्त्याच्या कडेला येऊन थांबले होते. त्यांच्यातलाही एक जण शूटिंग घेत होता. पुढाऱ्याने हे सगळं एकदा नजरेखालून घातलं. त्याचा जबडा हलताना मला दिसला. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मी आईला माझ्या मागे घेतलं.

तो वॉचमनकडे गेला, किल्ली घेतली आणि स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. फाटक ढकलताना मोठ्याने म्हणाला, "आपल्या मानसांची वाट अडवायची कुनाची हिंमत हाय?" मग पुढे येऊन एका खांदेकऱ्याला बाजूला करून त्याने तिरडीला खांदा दिला. फाटकापासून आतल्या आंब्याच्या झाडापर्यंत चालला, पुन्हा दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन परतला आणि गाडीत बसून निघून गेला.

त्याच संध्याकाळी त्याचा व्हिडिओ सगळीकडे होता. लोकांनी त्यालाही नमस्कार आणि फुलं पाठवली. काहींनी लिहिलं, नेता असावा तर असा. मी संतापाने लाल झाले होते. दादा अंघोळ करून ओट्यावर बसले होते, त्यांना मी ते दाखवलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "म्हातारी नीट गेली," एवढंच म्हणाले आणि फोन मला परत दिला.

वरच्या आळीतले लोक का आले होते ते आईने नंतर विहिरीवर काढून घेतलं. त्यांच्यातल्या तिघा-चौघांच्या शेताची वाटही अशीच एका कुंपणाने अडवली आहे. फाटक उघडतं का ते बघायला ते आले होते. उघडलं नसतं तर त्यांनी काय केलं असतं, हे आईने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून फाटकाला कुलूप नाही. साखळी मात्र तिथेच लटकते आहे. गंज कुणी पेटवली ते आजवर कळलेलं नाही. गैरसमजाचा व्हिडिओ दादांनी केला नाही आणि तो पुन्हा कुणी मागितलाही नाही. पक्षाच्या पुढच्या बैठकीचा निरोप त्यांना आला नाही.

गेल्या महिन्यात कोळवणकडची काही माणसं घरी आली. त्यांच्या पाणवठ्याची वाट बंद झाली होती, तिथल्या सभेत दादांनी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. आईने तोंड फिरवलं. दादा म्हणाले, "येतो." मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. देवळासमोरच्या पटांगणात माणसं दाटून बसली होती. दादा बोलायला उभे राहिले तशा टाळ्या सुरू झाल्या. ते काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. मी अगदी मागे, भिंतीला पाठ लावून उभी होते आणि बसलेल्या माणसांचे हात बघत होते. कुणाच्या हातात काय आहे, कोण उठतंय, कोण पुढे सरकतंय. सभा संपेपर्यंत मी टाळी वाजवली नाही.