मुठीतला हात

मेहताबबीला एका जागी बसणं माहीत नव्हतं. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती घोडेगावच्या बाजारापासून आसपासच्या वाड्यावस्त्यांपर्यंत दिवसभर वणवण फिरे, आणि घरी आली की भाकरीसुद्धा उभ्यानं खाई. नवरा फक्रुद्दीन वैतागून म्हणे, "जरा बूड टेक की! जमीन चावती का?"

एकोणीसशे एकोणपन्नासचा उन्हाळा होता. स्वराज्य येऊन दोन वर्षं होत आली होती, पण गावाचं पाणी अजून ओढ्यातल्याच विहिरीत होतं, खाली खोल, घसरत्या चढाच्या पायथ्याशी. गावातल्या पाचपन्नास जणांनी मिळून ग्रामसुधार मंडळ काढलं होतं. त्याचा चिटणीस कारभारी. नाव कारभारी असलं तरी बिचाऱ्याचा कारभार घरात चालत नसे. गावात मात्र त्याच्या शब्दाला मान होता. नव्या विहिरीला सरकारी मदत मिळणार होती, पण दोन अटींवर. निम्मं खोदकाम गावानं करायचं, आणि जागा भर सभेत ठरवायची, बायकांचं मत धरून.

कारभारीच्या मनात जागा चावडीसमोरची होती. बायकांना विचारायचं कसं, एवढंच कोडं होतं. तो मेहताबबीकडे आला. "मावशी, घराघरात शिरनाऱ्या तुमी एकट्याच. जरा इचारून या."

तिला तेच हवं होतं. आदल्या वर्षी तिची सून सुरय्या दोन घागरी घेऊन ओढ्याचा चढ चढताना घसरली आणि सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. मेहताबबीचं घर चावडीच्या पाठीमागेच. विहीर तिथं झाली की पाणी दारात येणार होतं. ही गोष्ट तिनं लपवली नाही, पण कुणाला सांगितलीही नाही.

ती दारोदार फिरली. बाईचा हात मुठीत घ्यायचा, दाबून दाबून मऊ करायचा, बांगडी सरकवायची आणि विचारायचं, "विहीर पायजे ना चावडीम्होरं? सभेत हात वर करशील ना?"

"व्हय."

ज्या घरी जाई तिथं व्हय. मेहताबबी हरखून गेली. कारभारीला म्हणाली, "समद्या तयार हायेत."

सभेला बायका आल्या, निंबाखाली पदर ओढून बसल्या. कारभारीनं हात वर करायला सांगितलं. पुरुषांतले काही हात वर गेले. बायकांमध्ये एकच हात वर होता, मेहताबबीचा. बाप्यांमध्ये हशा पिकला. कारभारीचा चेहरा पडला आणि त्यानं निकाल पुढच्या सभेवर ढकलला.

मेहताबबी तणतणत रतनबाईच्या दारात गेली. रतनबाई तिची जुनी गिऱ्हाईक, मैत्रीणच म्हणा ना. "व्हय म्हनली हुतीस ना? मंग हाताला काय झालतं?"

"माझा हात तुझ्या मुठीत हुता की," रतनबाई म्हणाली. "बांगड्या भरताना न्हाई म्हनत्यात व्हय कुनी?"

हातात चुडा चढत असताना नन्नाचा शब्द काढायचा नाही, हे इकडं पोरीसोरींनाही ठाऊक असतं. मेहताबबीनं स्वतःच कितीक नव्या नवरींना ते दटावून सांगितलं होतं. त्याच मुहूर्तावर प्रश्न विचारायचा आणि होकार गोळा करत फिरायचं, यापरता आंधळेपणा कोणता? तिला स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती पाटी न घेता निघाली. पहिल्यांदा गेली ती पुष्पावतीकडे. पुष्पावती विधवा. तिच्या मनगटात बांगडी नाही म्हणून एवढ्या वर्षांत मेहताबबीनं हा उंबरा कधी ओलांडला नव्हता. मेहताबबी आपले हात मांडीवर ठेवून बसली. पाय वळवळत होते, उठावंसं वाटत होतं, तरी बसली.

"चावडीवर सकाळधरनं बापे बसत्यात," पुष्पावती हळूच म्हणाली. "माझं त्वांड दिसलं की त्यांचा दिस वाया जातो म्हनं. मी पानी भरायचं कवा? शाळंमागं खांदा की विहीर."

पुढच्या घरांत कुणाचा सासरा चावडीवर बसे, कुणाचे भाये, म्हणजे थोरले दीर; त्यांच्यासमोरून घागर घेऊन जायचं कसं? सगळ्यांच्या तोंडी शाळेमागची जागा. मेहताबबी ऐकत गेली आणि आतून तुटत गेली. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

घरी येऊन ती अंगणात नुसती येरझारा घालत राहिली. कारभारीला काहीबाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? चावडी म्हणाल्या, म्हटलं की झालं. सुरय्या धान्य निवडत होती. "अम्मी, बसा ना," ती म्हणाली. मेहताबबीनं तिच्या पोटाकडे पाहिलं, मान फिरवली आणि तडक कारभारीचं घर गाठलं.

"त्यास्नी शाळंमागं पायजे. पन माझ्या तोंडून धरू नगंस, माझं मन मधी येतंय. सभाच तकडं शाळंमागं घे. बापे जरा लांब बसव. आन त्यांचं त्यांना बोलू दे."

तसंच झालं. पुष्पावती पदराआडून बोलली, पण खणखणीत बोलली. कारभारीनं हात मोजायला घेतले तेव्हा बायकांचे हात भराभर वर गेले, बांगड्यांचे आणि रिकामेही. बरेच पुरुषही वळले. मग त्यानं रीत म्हणून विचारलं, "चावडीम्होरं कुनाला पायजे?"

चारदोन बाप्यांचे हात वर झाले. बायकांतला एकच, मेहताबबीचा.

कारभारी चक्रावला. सभा मोडल्यावर म्हणाला, "मावशी, तुमीच त्यास्नी बोलतं केलं, आन हात उलटा?"

"त्यांचं त्यांनी सांगितलं, माझं मी," ती म्हणाली. "माझा हात कुनी धरला न्हवता."

खोदाईला कुदळ पडली त्या आठवड्यात ती रतनबाईकडे बांगड्या भरायला गेली. सुरय्याचे दिवस भरत आले होते आणि विहिरीला पाणी लागायला अजून अवकाश होता. विनंती मेहताबबीच्या ओठांवर घुटमळत होती. तिनं शेवटची बांगडी चढवली आणि हात सोडला. रतनबाईनं रिवाजाप्रमाणे नमस्कार केला. मग मेहताबबीनं आपले दोन्ही हात मागे घेतले आणि विचारलं, "वढ्यावरनं माझ्या सुरय्याला एकेक घागर आनशील का, बाळंत होईतवर?"

रतनबाईनं घरच्या कामांचा हिशेब बोटांवर धरला. मेहताबबी हलली नाही.

"सकाळची न्हाई जमायची," रतनबाई म्हणाली. "सांजची आनीन."

मेहताबबीचे डोळे भरून आले. पाटी उचलायची सोडून ती तिथंच बसून राहिली.